युरोपात इलेक्ट्रॉनिक माल पाठवताय? सीईचं काम बीओएमपासून (पार्टच्या यादीपासून) लेबलपर्यंत, क्रमाने

जर्मनीची नाहीतर नेदरलँड्सची पहिली ऑर्डर आली की आपल्याकडे पहिला फोन लॅबला जातो, "सीई सर्टिफिकेटचे किती घेता आणि किती दिवसात देता?" लॅबवाला पण धंद्यालाच बसलेला असतो, तो एक आकडा सांगतो, काही दिवसांनी छान बॉर्डरवाला कागद येतो, तो फ्रेम करून केबिनमध्ये लागतो आणि सगळ्यांना वाटतं झालं एकदाचं. झालेलं काहीच नसतं. सीई म्हणजे माल युरोपियन युनियनचे नियम पाळतो असं सांगणारं चिन्ह, आपल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालाला ते कोणी "देत" नाही, उत्पादकाने ते स्वतःच्या सहीने जाहीर करायचं असतं आणि त्या सहीमागे एक फाइल असावी लागते. लॅबचा रिपोर्ट त्या फाइलमधला एक कागद, बस. उद्या हॅम्बुर्गला माल अडला तर लॅबला कोणी विचारत नाही, सही करणाऱ्याला विचारतात.

डोळ्यासमोर एक माल धरू, नाहीतर सगळं हवेत राहतं. भोसरीत बनणारा एक एसएमपीएस, म्हणजे एसीची डीसी करून देणारा पॉवर सप्लाय, इनपुट २३० व्होल्ट एसी, आउटपुट २४ व्होल्ट ५ अँपिअर, कंट्रोल पॅनेलमध्ये डिन रेलवर (धातूच्या पट्टीवर) बसणारा, आणि बायर जर्मनीतला पॅनेल बिल्डर. याचंच एक वाय-फायवालं मॉडेल पण आहे असं समजू, मोबाइलवर लोड बघता येतो वगैरे. त्याची गंमत पुढे येईल.

आधी हे बघा की तुमच्या वस्तूला सीई लागतं का

हसू नका, इथेच निम्मे लोक घसरतात. रेझिस्टर, कॅपॅसिटर, डायोड, आयसी, कनेक्टर, पीसीबीवर सोल्डर होणारा रिले, मायक्रोस्विच, या सुट्या कॉम्पोनंटना सीई लागत नाही. कारण साधं आहे, त्यांची सेफ्टी ते कशात आणि कसे बसवले त्यावर ठरते, एकट्या रिलेला सुरक्षित की असुरक्षित म्हणता येत नाही. लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह या विजेच्या सेफ्टीच्या युरोपियन कायद्याच्या गाइडलाइनमध्ये ही यादी सरळ दिलेली आहे. पण त्याच गाइडलाइनमध्ये असंही आहे की ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर दुसऱ्या मशीनमध्ये बसणार असली तरी तिची सेफ्टी स्वतंत्रपणे तपासता येते, म्हणून ती कायद्यात येते. म्हणजे "आम्ही तर फक्त पार्ट विकतो" हे वाक्य कनेक्टरवाल्याने म्हटलं तर चालतं, ट्रान्सफॉर्मरवाल्याने म्हटलं तर नाही.

ईएमसी, म्हणजे एका उपकरणाच्या विद्युत नॉइजचा दुसऱ्याला त्रास न होणं, त्याच्या कायद्यात प्रश्न थोडा वेगळा विचारतात, हा पार्ट शेवटचा ग्राहक स्वतः विकत घेऊन स्वतः बसवणार आहे का? कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड हे त्याचं नेहमीचं उदाहरण, दुकानातून आणलं आणि घरी स्लॉटमध्ये घातलं, म्हणून त्याला सीई लागतं. तेच एखादा बोर्ड फक्त दुसऱ्या फॅक्टरीला जात असेल आणि तिथे त्यांच्या मशीनच्या आत बसत असेल तर ईएमसीची जबाबदारी मशीनवाल्याची. अर्थात तुमचा बोर्ड नॉइज ओकत असेल तर तो मशीनवाला तुम्हालाच फोन करणार, ते वेगळं.

आणखी एक, जे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही: घरगुती प्लग आणि सॉकेट लो व्होल्टेज डायरेक्टिव्हमधून चक्क बाहेर आहेत, कारण युरोपात प्रत्येक देशाची पिन वेगळी आणि त्यांचे नियम त्या त्या देशाचे. त्यामुळे साध्या प्लगवर या डायरेक्टिव्हच्या नावाने सीई छापलेलं दिसलं तर छापणाऱ्याने नियम वाचलेले नाहीत.

आणि "लागत नसलं तरी छापून टाकू, काय बिघडतं" हा विचार सोडा. जिथे कायदा सीई मागत नाही तिथे ते लावायला मनाई आहे, रेग्युलेशन ७६५/२००८ मध्ये तसं लिहिलंय. बायरचा पर्चेसवाला जर कनेक्टरवर किंवा रेझिस्टरवर सीई मागत असेल, आणि मागतात, त्यांच्या फॉर्ममध्ये तो कॉलम असतो म्हणून मागतात, तर नम्रपणे लिहा की हा कॉम्पोनंट सीईच्या कक्षेत नाही, सोबत रोह्स आणि रीचचं (घातक पदार्थांच्या दोन कायद्यांचं) डिक्लेरेशन जोडलंय. दहातल्या नऊ जणांना प्रत्यक्षात तेच हवं असतं.

कुठले कायदे लागतात

सीई हा एक कायदा नाही, एका चिन्हाखाली बरेच कायदे येतात आणि तुमच्या वस्तूला लागणारे सगळे पाळले तरच ते चिन्ह लावता येतं. आपल्या एसएमपीएसला तीन लागतात. एक, लो व्होल्टेज, २०१४/३५/ईयू, कारण इनपुट २३० व्होल्ट आहे आणि हा कायदा एसीत ५० ते १००० आणि डीसीत ७५ ते १५०० व्होल्टला लागू होतो. दोन, ईएमसी, २०१४/३०/ईयू. तीन, रोह्स, २०११/६५/ईयू. रोह्स सीईमध्ये येतं हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते वेगळं हिरवं स्टिकर आहे असं समजतात. त्या हिरव्या पानाच्या स्टिकरला कायद्यात काही किंमत नाही, आवडत असेल तर लावा.

आता वाय-फायवालं मॉडेल. त्यात रेडिओ आला की लो व्होल्टेज आणि ईएमसी दोन्ही बाजूला होतात आणि त्यांच्या जागी एकटी रेडिओ डायरेक्टिव्ह येते, २०१४/५३/ईयू, लोक तिला रेड म्हणतात. सेफ्टी, ईएमसी आणि स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा वापर) तिन्ही तिच्यातच. रोह्स मात्र तसंच राहतं. रेडमध्ये व्होल्टेजची खालची मर्यादाच नाही, म्हणजे ५ व्होल्टवर चालणारा ब्लूटूथ सेन्सर लो व्होल्टेजमध्ये कधी आला नसता, पण रेडमुळे त्याची सेफ्टी तपासावी लागते. "रेडिओ मॉड्यूल आम्ही सीईवालं घेतलंय, मग आमचं झालंच" हे वाक्य दर महिन्याला ऐकू येतं. नाही झालं. मॉड्यूलचे रेडिओ रिपोर्ट वापरता येतात, खर्च बराच वाचतो, पण तुमच्या डब्यात, तुमच्या अँटेनासोबत, तुमच्या सप्लायवर ते कसं वागतं ते तुम्हालाच दाखवायचंय.

वर १ ऑगस्ट २०२५ पासून रेडमध्ये सायबर सिक्युरिटी पण आली. इंटरनेटला थेट किंवा दुसऱ्या उपकरणामार्फत जोडलं जाणारं रेडिओ प्रॉडक्ट असेल तर ईएन १८०३१ मालिकेची युरोपियन स्टँडर्ड्स बघावी लागतात. सगळ्या युनिटना एकच डिफॉल्ट पासवर्ड देऊन माल पाठवायचे दिवस गेले.

थोडक्यात बाकीचं: मालासोबत बॅटरी असेल तर बॅटरी रेग्युलेशन २०२३/१५४२ बघा, १८ ऑगस्ट २०२४ पासून बॅटरीलाही सीई लागतं. भिंतीत खोचायचा ॲडॉप्टर असेल तर एफिशियन्सीचं २०१९/१७८२ आहे. मोबाइल, टॅबलेट, हेडफोन असल्या गोष्टींना २८ डिसेंबर २०२४ पासून यूएसबी-सीचा नियम लागलाय.

कागदावर कोण काय आहे ते ठरवा, ऑर्डर कन्फर्म करायच्या आधी

ज्याचं नाव किंवा ब्रँड मालावर, तो उत्पादक. तुम्ही बनवलं आणि जर्मन बायरने स्वतःचा लोगो लावून विकलं तर कायद्याच्या नजरेत उत्पादक तो, डिक्लेरेशनवर सही त्याची, मग तो तुमच्याकडे पूर्ण टेक्निकल फाइल मागणारच आणि ती द्यायची की नाही, दिली तर कुठल्या करारावर, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. नंतर हा विषय निघाला की भांडण ठरलेलं.

तुमच्या ब्रँडने माल गेला तर तुम्ही उत्पादक आणि तो इम्पोर्टर. इम्पोर्टरला पण काम असतं: डिक्लेरेशनची प्रत १० वर्षं ठेवायची, फाइल मागितली तर मिळेल याची खात्री करायची, स्वतःचं नाव-पत्ता मालावर टाकायचा. छोट्या बायरला हे माहीतच नसतं, त्यामुळे पहिल्या मेलमध्येच सांगून टाका.

आणि थेट ग्राहकाला, ऑनलाइन, पार्सलने विकत असाल तर? तिथे रेग्युलेशन २०१९/१०२० चं चौथं कलम येतं, १६ जुलै २०२१ पासून लागू. युरोपात बसलेलं कोणीतरी एक जबाबदार हवंच, उत्पादक, इम्पोर्टर, लेखी नेमलेला अधिकृत प्रतिनिधी, आणि यातलं कोणीच नसेल तर ज्याच्या गोडाऊनमधून माल जातो तो फुलफिलमेंटवाला. त्याचा पत्ता मालावर, पॅकिंगवर, पार्सलवर किंवा सोबतच्या कागदावर दिसला पाहिजे. प्रतिनिधी पैसे देऊन मिळतात, बऱ्याच कंपन्या तेच करतात, पण निव्वळ पत्ता भाड्याने देणारा घेऊ नका. त्याला फाइल हाताळता आली पाहिजे, अधिकाऱ्याच्या मेलला उत्तर देता आलं पाहिजे. म्युनिकमधला तुमच्या मेहुणीचा फ्लॅट हे उत्तर नाही.

बीओएम, म्हणजे खरं काम इथे आहे

रोह्समध्ये दहा पदार्थ आहेत. शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, पीबीबी आणि पीबीडीई (आग रोखणारी ब्रोमिनची रसायनं) हे जुने सहा, आणि २०१५/८६३ या दुरुस्तीने आलेले चार थॅलेट, जे २२ जुलै २०१९ पासून बहुतेक मालाला लागले. कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के, बाकी सगळ्यांची ०.१ टक्के. आणि ही टक्केवारी अख्ख्या एसएमपीएसच्या वजनावर नाही काढायची, एकजिनसी मटेरियलवर काढायची. वायरचं इन्सुलेशन वेगळं, आतलं तांबं वेगळं, वरचं टिनचं कोटिंग वेगळं. "अहो शिसं किती, सोल्डरच्या चार थेंबात, पूर्ण युनिट अर्ध्या किलोचं आहे" हा हिशोब चालत नाही, तो थेंबच तपासतात.

मोठ्या कंपन्यांच्या आयसी आणि कॅपॅसिटरचं काम सोपं असतं, डिक्लेरेशन वेबसाइटवर पडलेलं असतं, डाउनलोड करा, तारीख बघा, फाइलला लावा. त्रास देतात त्या दोन-पाच रुपयांच्या वस्तू. ट्रान्सफॉर्मरमधली स्लीव्ह, पीव्हीसीचं ग्रोमेट, केबल टाय, वायरचं इन्सुलेशन, एनक्लोजरवरचा रंग, स्क्रूचं पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा थर), पितळी टर्मिनल. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट घालतात, म्हणून काळी मऊ स्लीव्ह दिसली की माझा हात आधी तिथे जातो. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. पितळात शिसं असतंच, तांब्याच्या मिश्रधातूला ४ टक्क्यांपर्यंत सूट आहे, ६(सी) नावाची, पण या सवलतींना मुदत असते आणि त्या बदलत राहतात, तेव्हा दर वेळी चालू यादी उघडून बघायची, दोन वर्षांपूर्वीचा एक्सेल नाही.

लाइन बंद पडू नये म्हणून पर्चेसवाला पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन बंडल स्लीव्ह घेऊन येतो, बिलावर फक्त "स्लीव्ह ब्लॅक" लिहिलेलं. माल बरा असेलही. पण डिक्लेरेशन कोणाचं लावणार? एक्स्पोर्टच्या बॅचसाठी बीओएममधल्या व्हेंडरच्या बाहेरून काही घ्यायचं नाही, हा नियम स्टोअरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

व्हेंडरचं पत्र कसं तपासायचं? बघा की त्यात पार्ट नंबर आहे का, २०१५/८६३ चा उल्लेख आहे का म्हणजे दहाही पदार्थ आलेत का, सवलत घेतली असेल तर कुठली, आणि सही-तारीख. "आमची सर्व उत्पादने रोह्स कंप्लायंट आहेत" एवढ्या एका ओळीचं पत्र म्हणजे रद्दी. शंका असेल तर टेस्ट करा, पण एक्सआरएफ गनवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रावर) पूर्ण विसंबू नका. ती शिसं, कॅडमियम, पारा पटकन दाखवते, मात्र क्रोमियम आणि ब्रोमिन एकूणच दाखवते, हेक्झाव्हॅलंट किती आणि पीबीडीई किती ते सांगत नाही, आणि थॅलेट तर तिला दिसतच नाहीत. त्यासाठी आयईसी ६२३२१ मालिकेप्रमाणे केमिकल टेस्ट लागते. ती महाग पडते, म्हणून सगळ्याची करू नका, जोखमीचे पार्ट निवडून करा आणि ते का निवडले ते एका पानावर लिहून ठेवा. हे पान म्हणजेच ईएन आयईसी ६३००० या रोह्सच्या कागदपत्रांच्या स्टँडर्डला अपेक्षित असलेला विचार, त्यात कुठे प्रत्येक पार्टची टेस्ट मागितलेली नाही.

रीच वेगळा कायदा, सीईमध्ये येत नाही, पण बायर एकत्रच मागतो. तिथे एसव्हीएचसीची (अति चिंताजनक पदार्थांची) यादी असते, हेलसिंकीच्या ईसीएचए या युरोपियन रसायन संस्थेकडून ती वेळोवेळी वाढते, आणि त्यातलं काही वस्तूमध्ये ०.१ टक्क्याच्या वर असेल तर बायरला कळवावं लागतं. शिसं स्वतःच त्या यादीत आहे. म्हणजे तुमचं पितळी टर्मिनल रोह्समध्ये सवलतीने पास आणि रीचमध्ये तरीही कळवण्यासारखं. लपवू नका, इम्पोर्टरला ते ५ जानेवारी २०२१ पासून ईसीएचएच्या स्किप डेटाबेसमध्ये भरावं लागतं.

टेस्टिंग

कायदा फक्त "सुरक्षित असावं, त्रास देऊ नये" एवढंच म्हणतो, कसं दाखवायचं ते स्टँडर्ड सांगतं. ज्या स्टँडर्डची नावं युरोपियन युनियनच्या ऑफिशियल जर्नलमध्ये त्या डायरेक्टिव्हखाली छापून येतात ती पाळली तर तुम्ही कायदा पाळला असं धरलं जातं. त्यामुळे नंबरइतकंच वर्ष महत्त्वाचं. ईएन ६०९५०-१ या जुन्या सेफ्टी स्टँडर्डचा रिपोर्ट अजून कोणी पुढे केला तर परत पाठवा, ते २० डिसेंबर २०२० ला गेलं, त्याच्या जागी ६२३६८-१ आहे.

डिन रेलच्या सप्लायला सेफ्टीसाठी ६२३६८-१ किंवा पॅनेलवाल्यांकडून मागितलं जाणारं ६१०१०-२-२०१, ईएमसीसाठी पॉवर सप्लायचं स्वतःचं ६१२०४-३, किंवा जनरिक ६१०००-६-२ आणि ६१०००-६-४. शेवटचं इंडस्ट्रियल एमिशनचं (बाहेर पडणाऱ्या नॉइजचं) आहे, ढिलं आहे. पण बायर तोच सप्लाय एखाद्या रहिवासी इमारतीच्या लिफ्ट पॅनेलमध्ये घालणार असेल तर घरगुती मर्यादेचं ६१०००-६-३ लागेल. म्हणून बायरला आधी विचारा की माल कुठे बसणार. आपला सप्लाय १२० वॉटचा, म्हणजे ७५ वॉटच्या वर, तेव्हा हार्मोनिक्सचं (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरींचं) ६१०००-३-२ पण बघावं लागतं.

लॅबमध्ये दिवसाच्या हिशोबाने पैसे जातात, म्हणून आधी स्वतःच्या टेबलावर जमेल तेवढं बघून जा. एक एलआयएसएन (मेन्सच्या वायरवरचा नॉइज मोजायला मधे लावायचं सर्किट) आणि साधा स्पेक्ट्रम ॲनालायझर असला तर कंडक्टेड एमिशनचा, म्हणजे वायरमधून बाहेर पडणाऱ्या नॉइजचा, अंदाज येतो. ही टेस्ट १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत असते. इतके सगळे सप्लाय ६५ किलोहर्ट्झवर का स्विच करतात माहितीये? त्याचा दुसरा हार्मोनिक १३० ला येतो, म्हणजे मूळ आणि दुसरा दोन्ही टेस्टच्या खालीच राहतात, पहिला मोजला जातो तो १९५ चा तिसरा. कोणीतरी डिझायनरने "एफिशियन्सी वाढवली" म्हणून १०० वर नेलं की दुसरा हार्मोनिक २०० वर येऊन बसतो आणि कालपर्यंत पुरणारा चोक (नॉइज अडवणारी कॉइल) अचानक पुरत नाही.

रेडिएटेडला, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या नॉइजला, ३० मेगाहर्ट्झपासून वर जातात. चेंबरमध्ये गोल फिरणारं टेबल, समोर एक ते चार मीटर वर-खाली होणारी अँटेना, आणि स्क्रीनवर लाल रेषेच्या वर एक टोक डोकावत असतं, आपल्या सप्लायमध्ये बहुतेक वेळा ३० ते १०० च्या मधे कुठेतरी. अशा वेळी पहिली गोष्ट, आउटपुटच्या वायरवर फेराइट क्लिप लावून बघायची. टोक खाली आलं तर दोषी सर्किट नसून वायर अँटेना झालीय, कॉमन मोड करंट (सगळ्या वायरमधून एकाच दिशेने जाणारा) बाहेर पडतोय, नॉइज गाळणारा वाय-कॅपॅसिटर कुठून कुठे जातो आणि हीटसिंक कशाला जोडलाय ते बघा. आलं नाही तर आत लूप मोठा आहे. मात्र क्लिप लावून पास झालात तर ती क्लिप प्रत्येक युनिटसोबत गेली पाहिजे. रिपोर्टमधल्या फोटोत क्लिप आणि बॉक्समध्ये नाही, असा माल पकडायला तज्ज्ञ लागत नाही.

लॅब निवडताना एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) स्कोप उघडून बघा, नुसता लोगो नको, तुमचं स्टँडर्ड आणि वर्ष त्या यादीत आहे का ते. मुंबईत एसटीक्यूसीची ईआरटीएल, नवी मुंबईत खारघरला समीर, या सरकारी लॅब, पुण्यात खासगी लॅब, पर्याय आहेत. सॅम्पल फुल लोडवर चालतोय ना, रिपोर्टवर मॉडेल नंबर तोच आहे ना जो लेबलवर येणार, आतला फोटो सध्याच्या पीसीबी रिव्हिजनचा आहे ना, हे लॅब सोडायच्या आधी बघून घ्या. आणि टेस्ट झालेलं युनिट सील करून कपाटात ठेवा.

नोटिफाइड बॉडी (युरोपात सरकारने नेमलेली तपासणी संस्था) लागते का? लो व्होल्टेजला नाही, ईएमसीत ऐच्छिक, रोह्सला नाही. वाय-फायवाल्याला, जर्नलमधली स्टँडर्ड पूर्ण लावली तर नाही, स्पेक्ट्रमची किंवा सायबरची लावली नाहीत किंवा अर्धवट लावली तर हो. कोणी "आम्ही नोटिफाइड बॉडी आहोत" म्हणालं तर युरोपियन कमिशनच्या नँडो यादीत नाव बघा, आणि कुठल्या डायरेक्टिव्हसाठी आहे ते पण बघा. खेळण्यांसाठी नेमलेली बॉडी तुमच्या रेडिओवर काही सांगू शकत नाही.

फाइल आणि डिक्लेरेशन

फाइलमध्ये काय: वस्तूचं वर्णन, सर्किट, पीसीबी लेआउट, बीओएम, सेफ्टी-क्रिटिकल पार्टची यादी, धोक्यांचं विश्लेषण, लागू केलेली स्टँडर्ड, टेस्ट रिपोर्ट, रोह्सचे कागद, लेबलचा आर्टवर्क, मॅन्युअल. शेवटचा माल बाजारात गेल्यापासून १० वर्षं ठेवायची. धोक्यांचं विश्लेषण लोक विसरतात, कारण लॅब ते देत नाही. मोठं काही नको, चार-पाच पानं: शॉक कुठे बसू शकतो, आग कुठून लागू शकते, आउटपुट शॉर्ट झालं तर काय होतं, पंखा नसलेल्या बंद पॅनेलमध्ये काय होतं, आणि प्रत्येकाला आपण काय उपाय केलाय.

डिक्लेरेशन ऑफ कन्फॉर्मिटी हे एक पान. मॉडेल, उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, "उत्पादकाच्या एकट्याच्या जबाबदारीवर" हे ठरलेलं वाक्य, वस्तूची ओळख पटेल असं वर्णन, डायरेक्टिव्हचे नंबर, स्टँडर्ड वर्षासकट, ठिकाण, तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. सगळ्या डायरेक्टिव्हना मिळून एकच डिक्लेरेशन. अजूनही २००६/९५/ईसी आणि २००४/१०८/ईसी हे जुने लो व्होल्टेज आणि ईएमसी नंबर लिहिलेली डिक्लेरेशन फिरतात, हे दोन्ही कायदे २० एप्रिल २०१६ ला संपले, म्हणजे कागद बनवणाऱ्याने जुन्या फाइलवर फक्त तारीख बदलली हे पहिल्या नजरेत कळतं. ज्या देशात माल जातो त्या देशाने मागितलेल्या भाषेत त्याचा अनुवाद द्यावा लागतो. वाय-फायवाल्यासोबत डिक्लेरेशन किंवा त्याचं छोटं रूप, वेब पत्त्यासह, बॉक्समध्ये गेलंच पाहिजे, आणि मॅन्युअलमध्ये फ्रिक्वेन्सी बँड आणि कमाल पॉवर.

लेबल

सीईची उंची किमान ५ मिलिमीटर, दोन्ही अक्षरं वर्तुळाच्या आकृतीत बसणारी, कमिशनच्या वेबसाइटवरून ओरिजिनल आर्टवर्क घ्या, फाँटमधून टाइप करू नका. जागाच नसेल तर पॅकिंगवर आणि कागदांवर चालतं. रेडिओवाल्याला पॅकिंगवर पण लागतंच. ते "अक्षरं जवळ असली की चायना एक्स्पोर्ट" वालं व्हॉट्सॲप फॉरवर्ड सोडून द्या, असं कुठलं वेगळं चिन्ह माहीत नसल्याचं खुद्द कमिशनने सांगितलंय. जवळ छापलेलं सीई म्हणजे चुकीचं छापलेलं किंवा खोटं सीई, एवढंच.

सोबत मॉडेल, बॅच किंवा सिरियल नंबर, तुमचं नाव आणि पोस्टाचा पत्ता, इम्पोर्टरचं नाव-पत्ता, इनपुट-आउटपुट रेटिंग, आणि खाली आडवी रेघ असलेला फुलीचा कचऱ्याचा डबा. हा डबा वी या ई-कचऱ्याच्या कायद्याचा, आणि त्याचं रजिस्ट्रेशन प्रत्येक देशात वेगळं. जर्मनीत ते श्टिफ्टुंग ईएआरकडे, नंबराशिवाय विक्रीच करता येत नाही. ते कोण करणार, तुम्ही की बायर, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. सेफ्टीच्या सूचना जर्मनीला जर्मनमध्ये, फ्रान्सला फ्रेंचमध्ये. ऑनलाइन ट्रान्सलेटरने केलेलं असेल तर निदान तिथल्या एखाद्या इलेक्ट्रिशियनकडून वाचून घ्या.

माल निघाल्यावर

कस्टम्सला शंका आली, सीई नाही, कागद नाही, पत्ता नाही, तर ते माल थांबवतात आणि त्या देशाच्या मार्केट सर्व्हेलन्सला (बाजारातला माल तपासणाऱ्या खात्याला) कळवतात. जर्मनीत ईएमसी आणि रेडिओसाठी ते काम बुंडेसनेट्झागेंटुर बघते. चार कामाच्या दिवसांत त्यांनी थांबवा असं सांगितलं नाही आणि बाकी कागदपत्रं नीट असली तर माल सुटतो. पण त्यांनी कागद मागितले तर घड्याळ तुमच्यावर येतं, तेव्हा डिक्लेरेशन आणि रिपोर्टची पीडीएफ शिपमेंटच्या आधीच इम्पोर्टरकडे आणि तुमच्या सीएचएकडे (कस्टम्स एजंटकडे) असू द्या. इन्व्हॉइसवरचं मॉडेल आणि डिक्लेरेशनवरचं मॉडेल अक्षरन् अक्षर एक ठेवा, "पीएस-१२०-२४" आणि "पीएस१२०/२४" हे आपल्याला एकच वाटतं, काउंटरवरच्या माणसाला नाही.

इंग्लंडला जाणारा माल असेल तर त्यांचं यूकेसीए हे चिन्ह आहे, पण या प्रकारच्या मालाला ग्रेट ब्रिटनमध्ये सीई चालू ठेवलंय. नॉर्दर्न आयर्लंडला सीईच लागतं.

दुसऱ्या बॅचपासून खरी शिस्त लागते. वाय-कॅपॅसिटरचा मेक बदलला, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याकडून घेतला, फर्मवेअरमध्ये स्विचिंग फ्रिक्वेन्सी हलवली, तर जुना रिपोर्ट त्या मालाला लागू राहतो का हे लिहून ठरवावं लागतं. काही वेळा एकच टेस्ट परत करून भागतं, काही वेळा सेफ्टीचा कागद नव्याने. वाय-फायवाल्यांनी सायबर रेझिलियन्स ॲक्ट, २०२४/२८४७, आत्ताच उघडून वाचा: ११ सप्टेंबर २०२६ पासून गैरवापर होत असलेल्या त्रुटी कळवायचं बंधन आणि ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण कायदा. सॉफ्टवेअर असलेलं, वायरने नेटवर्कला जोडलेलं प्रॉडक्टसुद्धा त्यात येतं, रेडिओ नसला तरी.

शेवटी एक नेहमीचा प्रश्न, बायर पूर्ण टेक्निकल फाइल मागतो, द्यावी का? तुमच्या ब्रँडचा माल असेल तर डिक्लेरेशन, रिपोर्टची पहिली पानं आणि रोह्स-रीचची पत्रं पुरतात. सर्किट आणि ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग अधिकाऱ्याने कारण देऊन मागितलं तर अधिकाऱ्याला थेट पाठवायचं, आणि इम्पोर्टरशी करारात तसं लिहून घ्यायचं की फाइल मागणी आल्यावर इतक्या दिवसांत आम्ही अधिकाऱ्याकडे पोचवू.